जामीन कोण राहणार?

अभ्यासपाठ : तुरुंग, शिक्षा आणि सुटून आलेला माणूस
(वाचन : फिलेमोनाला पत्र; लूक १९:१-१०; मत्तय २५:३१-४६)

उज्जैनच्या उत्तरेला क्षिप्रेच्या काठी भैरवगढ नावाची जुनी वस्ती आहे. काळभैरवाचे देवालय आणि छिप्यांचे कापडावरील छापकाम यांसाठी ती ओळखली जाते. याच भागात उज्जैनचे मध्यवर्ती कारागृह आहे. शहरात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. शिंद्यांच्या अमलापासून येथे राहिलेली घराणी आहेत, तशी मागाहून नोकरीनिमित्त आलेलीही आहेत. यांपैकी बहुतेकांनी भैरवगढची बाटिकची चादर घरात अंथरलेली असते. कारागृहाची भिंत मात्र लांबूनच पाहिलेली असते. आणि त्यात नवल नाही. तुरुंग हा विषयच असा आहे की, सभ्य माणूस त्याबद्दल वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

या पाठात आपल्याला ते पान जरा धरून ठेवायचे आहे. माणसाने गुन्हा केला, न्यायालयाने शिक्षा दिली, त्याने ती भोगली, पुढे काय? सरकारचे काम तुरुंगाच्या दरवाजापाशी बव्हंशी संपते. दरवाजाबाहेर उभा असलेला माणूस मग कोणाचा?

प्रथम थोडे आकडे पाहू, कारण आपल्या मनातील तुरुंगाचे चित्र बहुधा चुकीचे असते. तुरुंग म्हणजे शिक्षा झालेल्यांची जागा, असे आपण समजतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. आणि त्या माणसांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. दर शंभरांत सुमारे शहात्तर! यांतील काहींवर गंभीर आरोप आहेत व त्यांना आत ठेवणे भागच आहे. पण काही असे असतात की, न्यायालयाने जामीन मंजूर करूनही ते आतच राहतात. त्यांच्यासाठी जामीनदार म्हणून सही करायला कोणी येत नाही, एवढेच कारण. ‘जामीन’ हा आजच्या अभ्यासातील मुख्य शब्द आहे. तो लक्षात ठेवून आपण एका फार जुन्या खटल्याकडे जाऊ. तो खटला उज्जैनचाच आहे.

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे नाटक देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी घरांत परिचयाचे झाले आहे. मंडळीच्या मासिकात नाटक कशाला, असे एखादे वडीलधारे विचारतील. उत्तर एवढेच की, गुन्हा आणि न्याय यांविषयी इतका विचार करून लिहिलेली जुनी कथा आपल्या देशात दुसरी शोधावी लागेल, आणि तिचे स्थळ उज्जयिनी आहे. चारुदत्त आणि वसंतसेना यांची प्रेमकथा आपल्याला आठवते. परंतु त्या कथेच्या कडेने किती गुन्हेगार वावरतात हे आपण सहसा मोजत नाही.

एक आहे शर्विलक. तो शिकलेला ब्राह्मण आहे आणि घरफोड्या आहे. चारुदत्ताच्या घराच्या भिंतीला तो भोक पाडतो, तेही एखाद्या शास्त्राच्या पंडिताच्या थाटात, अंगावरच्या जानव्याने माप घेऊन! त्याला चोरी करायची आहे ती आपल्या प्रिय मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी. पण मदनिकाच त्याला सांगते की, हे दागिने जेथले आहेत तेथे परत जाऊ देत. वसंतसेना हे आडून ऐकते आणि काही न घेता मदनिकेला मोकळी करते.

दुसरा आहे संवाहक. पाटलिपुत्राहून आलेला, अंग रगडण्याचे काम करणारा हा गृहस्थ जुगारात दहा सुवर्णमुद्रा हरतो. फेडायला पैसे नाहीत. जुगारअड्ड्याचा मालक भर रस्त्यात त्याला गाठून मारतो. पळता पळता तो वसंतसेनेच्या घरात शिरतो. ती आपले कंकण पाठवून त्याचे कर्ज फेडते. ओळख फारशी नाही, परतफेडीची अपेक्षा नाही. आणि येथे संवाहक एक गोष्ट ठरवतो. आता हे जुने जिणे पुरे, असे म्हणून तो बौद्ध भिक्षू होतो. पुढे वसंतसेनेचा गळा दाबून तिला पाचोळ्याखाली टाकलेले असते, तेव्हा तिला शोधून शुद्धीवर आणणारा हाच भिक्षू. तिला घेऊन तो वधस्थानी वेळेवर पोहोचतो म्हणूनच चारुदत्ताचा जीव वाचतो. नाटकाच्या शेवटी त्याला राज्यातील सर्व विहारांचा प्रमुख नेमण्यात येते. कर्जबुडव्या जुगाऱ्याचे एवढे झाले, ते त्याच्या कर्जाला दुसरे कोणीतरी उभे राहिले म्हणून.

नाटकातला न्यायाधीश वाईट माणूस नाही हेही पाहण्यासारखे आहे. न्याय करणे किती कठीण असते हे तो बोलून दाखवतो. पक्षकार खरे सांगत नाहीत, आणि दोष मात्र न्यायाधीशाच्या माथी येतो. तो चारुदत्ताचा आदर करतो. परंतु पुरावे एकापाठोपाठ एक विरुद्ध जातात. ऐन न्यायसभेत चारुदत्ताच्या मित्राच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने गळून पडतात. न्यायाधीश हद्दपारी सुचवतो, राजा सुळावर चढवण्याचा हुकूम देतो, आणि निरपराध माणूस वधस्थानाकडे निघतो. सज्जन न्यायाधीश, जुळणारा पुरावा, तरीही चुकीचा निकाल! देहान्ताच्या शिक्षेबद्दल आज वाद चालतो, त्यात हा प्रसंग दोन्ही बाजूंनी वाचावा. त्या नाटकातला एक चांडाळसुद्धा आपल्या बापाचा सल्ला आठवतो की, वध करायची घाई करू नये. मध्ये काहीतरी घडून माणूस सुटूही शकतो.

आता एक अवघड जागा. खरा अपराधी शकार पकडला जातो. लोक त्याला ठार मारायला निघतात. तो चारुदत्ताच्या पायाशी लोळण घेतो आणि चारुदत्त त्याला अभय देतो. हे फार उदात्त आहे. पण गळा कोणाचा दाबला होता? वसंतसेनेचा. चारुदत्ताच्या गळ्यातील वधाची माळ काढून ती शकाराच्या अंगावर फेकते. तिच्या मनात काय आहे ते या एका कृतीवरून दिसते. मग क्षमा करण्याचा अधिकार चारुदत्ताला कोणी दिला? स्वतःवर आलेल्या खोट्या आळाची क्षमा तो करू शकतो. तिच्या गळ्यावरच्या बोटांची क्षमा तो कशी करणार? शूद्रक हा प्रश्न विचारत नाही. आपल्याला मात्र तो विचारावाच लागेल, कारण आपणही दुसऱ्याच्या दुःखाची क्षमा फार लवकर वाटून टाकतो. या प्रश्नाकडे आपण पुढे येऊ.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. फिलेमोनाला लिहिलेले पत्र हे पौलाच्या पत्रांत सर्वांत लहान. अध्याय एकच, वचने पंचवीस. त्यामुळे आपण ते एका दमात वाचतो आणि विसरतो. पत्र लिहिताना पौल स्वतः बंदिवासात आहे. म्हणजे एक कैदी, पळून आलेल्या एका माणसाविषयी, ज्याचे नुकसान झाले असेल त्याला लिहीत आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा दास. त्याने काही अपहार केला होता की नाही, याबद्दल पौल निश्चित काही लिहीत नाही. काही अन्याय केला असेल, काही देणे असेल, अशा शब्दांत तो बोलतो. पण पुढची गोष्ट मोघम नाही. ते देणे माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असा त्या म्हणण्याचा भाव आहे, आणि हे तो आपल्या हाताने लिहून देतो (वचने १८-१९). आजच्या भाषेत याला हमीपत्र म्हणतात.

फिलेमोनाने रागावू नये, एवढे सांगून पौल थांबला असता तर ते पत्र आपल्याला पुष्कळ सोपे गेले असते. अनेसिमाला परत पाठवताना तो तीन गोष्टी एकदम करतो. झालेले नुकसान झाले नाही असे तो म्हणत नाही. नुकसान सोसणाऱ्यावरच त्याचा भार टाकत नाही. आणि परत येणाऱ्याला ‘पूर्वीचा दास’ म्हणून नव्हे तर भाऊ म्हणून घ्यावे असे मागतो. सुटलेल्या कैद्याविषयीच्या आपल्या बोलण्यात या तिन्हींपैकी एखादी तरी बहुधा सुटते. कोणी म्हणते, झाले गेले विसरा. कोणी म्हणते, त्याचे त्याने निस्तरावे. कोणी मदत करते खरी, पण त्याला जन्मभर ‘तो तुरुंगातून आलेला’ म्हणूनच ओळखते.

जक्कयाची गोष्ट याच्या शेजारी ठेवावी. प्रभू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा जक्कय रडून पश्चात्ताप करतो असे लूक लिहीत नाही. तो हिशेब करतो! अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रातही चोराने भरपाई करावी अशी तरतूद आहे (निर्गम २२). ज्याची चोरी झाली त्याला काही परत मिळावे, हा विचार आपल्या आधुनिक न्यायपद्धतीत मागे पडला होता. दंड सरकारजमा होतो, कैद सरकार देते, आणि ज्याच्या घरी चोरी झाली तो साक्ष देऊन रिकाम्या हाती परततो.

अलीकडे त्यात थोडा फरक पडला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘समाजसेवा’ ही प्रथमच एक शिक्षा म्हणून आली. पाच हजार रुपयांच्या आतली चोरी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल, आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा देण्याची सोय त्यात आहे. मोठ्या गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत दुसरी एक गोष्ट आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला हमीपत्रावर सोडावे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्यांच्यावर अनेक खटले आहेत त्यांना ही सवलत नाही.

पण हमीपत्र आले की पुन्हा तोच प्रश्न येतो. जामीनदार कोण? मध्य प्रदेशातील न्यायालयांत जामीनदार जमिनीची ऋणपुस्तिका घेऊन उभा राहतो. महाराष्ट्रात सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. ज्याच्या आप्तेष्टांत कोणाकडेच जमीन नाही, किंवा आहे पण ते तोंड पाहायला तयार नाहीत, त्याने काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात याची दखल घेतली. जामीन मिळूनही सुटका न झालेल्या कैद्यांची माहिती तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावी, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे त्यात आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांना जामिनाची व दंडाची रक्कम पुरवण्याची योजनाही काढली. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, आणि आपल्या मंडळीतील वकिलांनी त्या समजून घ्याव्यात. पण त्यांनी पैशाची अडचण सुटते, माणसाची नाही. सुटून आल्यावर रात्री कोठे जायचे, हे कोणतेही प्राधिकरण सांगत नाही.

१९५८ चा प्रोबेशनचा कायदा पुष्कळांनी नावाने ऐकलेला असतो. पहिल्या, लहान गुन्ह्यासाठी तुरुंगात न धाडता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा अधिकार तो न्यायाधीशाला देतो. एकवीस वर्षांच्या आतल्या मुलांविषयी तर, तुरुंगात पाठवायचेच असेल तर कारणे लिहून काढावीत, असे तो सांगतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा एक कायदा त्याच्या चार वर्षे आधी झाला होता, आणि तो नागपुरात झाला होता. १९५४ साली नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. तेथील विधिमंडळाने कैद्यांना प्रोबेशनवर सोडण्याचा एक स्वतंत्र कायदा केला. १९५६ मध्ये विदर्भ त्या राज्यातून निघाला, उज्जैनसह मध्य भारत त्यात आला, आणि पुढे तो कायदा नव्या राज्यात सगळीकडे लागू करण्यात आला.

त्यातली तरतूद अशी होती. शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पूर्वीची चाल व तुरुंगातील वागणूक पाहून तो सरळ राहील असे सरकारला वाटले, तर त्याला मुदतीपूर्वी परवान्यावर सोडता येईल. अट ही की, त्याने एखाद्या सरकारी अधिकाऱ्याच्या, किंवा त्याच्याच धर्माच्या एखाद्या व्यक्तीच्या, किंवा सरकारमान्य संस्थेच्या अथवा त्याच्या धर्माच्या मंडळाच्या देखरेखीखाली राहावे. आणि त्या व्यक्तीने किंवा संस्थेने त्याला सांभाळायला तयार असले पाहिजे.

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचावे. कायदे करणाऱ्यांनी गृहीत धरले होते की, प्रत्येक धर्मसमाजात अशी काही माणसे आणि अशा काही संस्था असतीलच, ज्या म्हणतील, ‘याला आमच्याकडे द्या.’ आपल्यात उपासनेचे नेम आहेत, महिला मंडळ आहे, तरुण संघ आहे, नाताळात तुरुंगात जाऊन गीते गाण्याची व फळे वाटण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. मी त्याला कमी लेखत नाही. आत बसलेल्याला बाहेरचा चेहरा दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. पण फळे वाटून आपण संध्याकाळी घरी येतो. पौलाने फळे पाठवली नाहीत, सही केली.

माणसावर विश्वास टाकल्याने तो बदलतो का, की हे भाबडेपण आहे? याची परीक्षा आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर झाली आहे, आणि तिच्यात मराठी माणसांचा हात आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. भवानराव पंतप्रतिनिधी राजे होते. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियराची ती कल्पना. शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीशिवाय राहत, शेती करीत, आणि बायकामुले त्यांच्याजवळ असत. संस्थान गेले तरी वसाहत राहिली. महाराष्ट्राच्या तुरुंग खात्यात आजही तिचे नाव आहे. आटपाडीच्याच परिसरातील माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांच्या लेखणीतून आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनातून ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट १९५७ मध्ये निघाला. पडद्यावर सहा कैदी आणि एक जेलर एवढेच राहिले. बायकामुले जवळ ठेवण्याची मूळ युक्ती त्यात मागे पडली, आणि माझ्या मते खरी किमया तीच होती. ज्याच्या चुलीवर उद्याचा स्वयंपाक व्हायचा आहे तो रात्री पळत नाही.

दुसरी परीक्षा चंबळच्या खोऱ्यात झाली. मे १९६० मध्ये विनोबा त्या भागात पायी फिरले आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९७१ मध्ये माधोसिंह या डाकूने विनोबांकडे संधान बांधले. विनोबांनी ते काम जयप्रकाश नारायण यांच्याकडे सोपवले. रामसिंह नावाचा ठेकेदार म्हणून तो पाटण्यास त्यांच्या घरी गेला, हे प्रसिद्धच आहे. १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथे माधोसिंह, मोहरसिंह आणि त्यांच्या टोळ्यांनी शरणागती पत्करली. पुढे आलेल्यांची संख्या शेकड्यांत गेली. मुख्यमंत्री होते प्रकाशचंद्र सेठी, उज्जैनच्या राजकारणातून वर आलेले. फाशी देणार नाही, कुटुंबांकडे पाहू, असे आश्वासन होते. मात्र खटले चालले आणि शिक्षाही झाल्या. त्यांच्यासाठी १९७३ मध्ये मुंगावली येथे खुले कारागृह निघाले आणि त्याला ‘नवजीवन शिबिर’ असे नाव दिले. मोहरसिंह पुढे मेहगावच्या नगर पंचायतीचा अध्यक्ष झाला.

हे सगळे खरे. पण चारुदत्ताच्या क्षमेविषयी जो प्रश्न मघाशी राहिला होता तो येथे पुन्हा उभा राहतो. व्यासपीठावर डाकू होते, नेते होते, पुढे हजारो लोक होते. ज्यांच्या घरातली माणसे त्या बंदुकांनी मारली, त्यांना कोणी विचारले? डाकूंचा गौरव होतो आहे अशी टीका त्या वेळीही झाली, आणि ती केवळ मत्सराची नव्हती. टोळ्या थांबल्या हा मोठा लाभ होता. परंतु ज्याचे गेले त्याच्या डोळ्यांदेखत गुन्हेगाराला हार घालणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

मग ज्याचे गेले त्याने स्वतःच दरवाजा उघडला तर काय होते? याचे उदाहरण उज्जैन विभागातच, देवास जिल्ह्यातील उदयनगरचे आहे. सिस्टर राणी मरिया या केरळच्या, रोमन कॅथलिक भगिनी. आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांच्या पाशातून सोडवणे, बँकेचे कर्ज मिळवून देणे, बचत शिकवणे हे त्यांचे काम. ते ज्यांना खुपले त्यांनी एक तरुण हाताशी धरला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, उतारूंच्या देखत, त्याने त्यांना सुऱ्याने भोसकून ठार केले. त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. बायको सोडून गेली. ज्याने हे काम करवले त्याचा सूड घ्यायचा, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे.

इंदूरच्या तुरुंगात एक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. घाईघाईने नव्हे, पुष्कळ दिवस. ऑगस्ट २००२ मध्ये राखीच्या सुमारास राणी मरियांची धाकटी बहीण, त्याही धर्मभगिनीच, सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटाला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो सुटला. नंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा त्या माऊलीने त्याचे हात हातात घेऊन चुंबिले. कोणते हात ते तिला ठाऊक होते. तो गावी परतून शेती करू लागला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरला राणी मरियांना ‘धन्य’ म्हणून घोषित केले गेले. तो विधी आपल्या मंडळीच्या शिकवणुकीत बसत नाही. पण त्या माऊलीचे ओठ आणि ते हात यांविषयी कोणत्याही मंडळीला काही निराळे म्हणायचे असेल असे वाटत नाही.

या घटनेचा गैरवापर मात्र होऊ नये. ‘पाहा, त्यांनी क्षमा केली, मग तुम्ही का करत नाही?’ असे एखाद्या विधवेला म्हणणे हा क्रूरपणा आहे. सेल्मी यांना सात वर्षे लागली. कोणाला वीस लागतील, कोणाला आयुष्य पुरणार नाही. क्षमा हे दुःखिताचे देणे नव्हे की ते आपण वसूल करायला जावे. मंडळीने सुटलेल्या माणसाला काम द्यावे, खोली द्यावी. पण त्याच मंडळीत ज्याचे नुकसान झाले तो बसत असेल, तर आधी त्याच्या घरी जावे आणि त्याचे ऐकून घ्यावे.

आणखी एक सावधगिरी. जामीन राहणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. लहान मुलांवर अत्याचार केलेल्या माणसाला भाऊ म्हणता येईल, त्याला शब्बाथ शाळेत वर्ग देता येणार नाही. दारूपायी गुन्हा केलेल्याला सोबत हवी आणि हातात खेळते पैसे नकोत. कोणी पुन्हा चुकेलही. देखरेख करणाऱ्याने ते पाहून गप्प बसू नये. ज्या अधिकाऱ्याला कळवायचे त्याला कळवावे. फिलेमोनाला पत्र लिहिणारा पौल अनेसिमाला लपवून ठेवू शकला असता. त्याने त्याला परत पाठवले, हेही त्या पत्राचा भाग आहे.

चर्चेसाठी :

आपल्या मंडळीत किंवा शेजारात तुरुंगातून आलेले कोणी आहे का? नाव न घेता सांगावे : त्याला पहिले काम कोणी दिले, आणि कोणी नाकारले? नाकारणाऱ्याची भीती खरी होती का?

चारुदत्ताने शकाराला क्षमा केली, तेव्हा वसंतसेनेला बोलायला सांगितले असते तर ती काय म्हणाली असती? महिला मंडळाने हा प्रश्न पुरुषांच्या आधी घ्यावा.

फिलेमोनाने पत्र वाचून काय केले हे पवित्र शास्त्रात सांगितलेले नाही. आपण त्याच्या जागी असतो, आणि पत्र घेऊन अनेसिम स्वतःच दारात उभा असता, तर पहिल्या आठवड्यात त्याला कोठे झोपवले असते?

पाळकांनी किंवा मंडळीतील एखाद्या वकिलाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन एवढेच विचारून यावे : जामीन मंजूर होऊनही सही करणारा नाही म्हणून आज आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात किती जण बसले आहेत? तो आकडा पुढच्या सभेत वाचून दाखवावा आणि सहीसाठी कोण जाणार ते त्याच बैठकीत विचारावे.